नळीची गाठ

माझ्या मुलीच्या गळ्यात नळी बसवल्यावर तिला बघायला येणाऱ्या बायका पहिला प्रश्न एकच विचारायच्या, नळी चांदीची आहे का. तशी ती चकाकायची. मी म्हणायचे, सोन्याची आहे, मोडायला देऊ का? मग त्या वरमायच्या आणि पदर तोंडाला लावून पोरीकडे बघत बसायच्या. नुसत्या बघत बसणाऱ्या माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा. अजूनही येतो.

तिला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पापुद्रा धरला, मान सुजली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, आणि धाराशिवच्या दवाखान्यातून आम्हाला तसंच सोलापूरला धाडलं. पाटीवर तेव्हा उस्मानाबाद लिहिलेलं असायचं, बोलताना आम्ही धाराशिवच म्हणायचो. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गळ्याला खालच्या बाजूला छेद दिला आणि श्वासनलिकेत ती वाकडी नळी बसवली. आजार गेला, पोरगी वाचली, पण नळीच्या वरचा रस्ता आतून आकसून गेला. नळीच्या तोंडावर बोट धरलं की ती काळीनिळी पडायची. डॉक्टर म्हणाले, पोरगी वाढेल तसा रस्ता मोठा होईल, तोवर नळी राहू द्या. मग मला बाजूला घेऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, हेच तिचं नाक आणि हेच तिचं तोंड समजा. ही बाहेर आली आणि लगेच आत गेली नाही, तर पोरगी हातची गेली."

असं स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. पण ते वाक्य ऐकल्यापासून मी धड झोपले नाही.

तिथल्या सिस्टरने मला सगळं शिकवलं, आणि रागावून रागावून शिकवलं. नळीत नळी असते. आतली काढायची, धुवायची, उकळायची, परत घालायची. बाहेरच्या नळीला हात लावायचा नाही. तिला दोन्ही बाजूंना कान असतात, त्यांतून सुती नाडी ओवून मानेला बांधायची, आत एक बोट जाईल एवढीच सैल. गाठ मारायची ती निरगाठ. सुरगाठ दिसली तर तुला घरी सोडणार नाही, असं तिने बजावलं होतं. आणि नळी निसटलीच तर काय करायचं, तेही तिने उशीला भोक पाडून माझ्याकडून करून घेतलं. खांद्याखाली कापडाची गुंडाळी, मान मागे, दोन बोटांनी भोक ताणून धरायचं, नळीत सळई घालून ती आत सारायची आणि सळई ताबडतोब उपसायची. सळई आत आहे तोवर नळी असून नसल्यासारखी. उशीवर मला ते झकास जमायचं. सिस्टर म्हणाली, "उशी तडफडत नाही, हे ध्यानात ठेव."

आमचं गाव तेरच्या अलीकडे, तेरणेच्या काठी. काठ होता, नदी नव्हती. पावसाने पाठ फिरवली होती आणि पात्रात माणसं झिरे खणून वाटीवाटीने पाणी उपसत होती. माझे मालक गावच्या दूध सोसायटीचे सचिव. पहाटे दूध घ्यायचं, मोजायचं, कॅन धाराशिवच्या टेम्पोत चढवायचे, हे त्यांचं काम. त्या वर्षी कॅन कमी आणि टेम्पो मोठा अशी गत झाली होती. बरीचशी जनावरं छावणीत गेली होती, धाकटा दीरही आमची जनावरं घेऊन तिकडेच राहिला होता. दुभती गाय तेवढी दारात ठेवली होती. घरात मी, मालक, पोरगी, सासूबाई आणि दिवस भरत आलेली धाकटी जाऊ.

कोरड्या हवेचा आणि नळीचा उभा दावा. नाकातून गेलेला वारा ओला होऊन आत जातो, नळीतून जाणारा तसाच धुळीसकट जातो. तिच्या आतला चिकटा वाळायचा आणि नळीत खपल्या धरायच्या. म्हणून नळीच्या तोंडावर सारखं ओलं फडकं ठेवायला लागायचं. आवाज तिला नव्हता, सगळा वारा गळ्यातूनच बाहेर पडायचा. रडली तरी तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि गळ्यातून नुसती फुसफुस. ती फुसफुस ठीक असायची. तिची शिट्टी झाली की मी हातातलं टाकून धावायचे.

एकदा भर दुपारी ती खेळता खेळता बसली, शिट्टी वाजली, आणि मग शिट्टीही थांबली. मी आतली नळी फिरवून उपसली. तिच्यात काकवीच्या तळासारखा चिकट काळपट गोळा अडकला होता. नळी निघाल्याबरोबर पोरीला असा खोकला आला की माझं तोंड भरलं. मी ते पुसलंही नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या अंघोळीचं पाणी माझ्यासमोर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "फडकं भिजवाय घे. म्या काय, धुळीतच वाढले."

हे मी मुद्दाम सांगते. त्यांचं पोरीवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या पोरीला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायच्या, फडकं वाळलं की बदलायच्या, गाठीत बोट घालून आवळ-सैल बघायच्या. ती नळी काय आहे हे त्या घरात माझ्याखालोखाल त्यांनाच ठाऊक होतं.

जावेचं हे पहिलंच बाळंतपण. पहिलं माहेरी व्हायचं, पण तिचं माहेरचं घरच्या घर रोजगार हमीवर खडी फोडायला गेलं होतं. तिथे हिला कुठे ठेवणार? म्हणून ती आमच्याकडेच राहिली. संध्याकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सकाळ झाली तरी दुखतच होतं. सुईण आतल्या खोलीत तिच्यापाशी बसून होती. ऊन वर आलं तेव्हा ती बाहेर आली, ओसरीवर टेकली आणि कोणाकडेच न बघता म्हणाली, "अडलंय."

आत्याबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांच्या दोन मुली अशाच बाळंतपणात गेल्या होत्या, बाळांसकट. त्या विषयावर त्या कधी बोलायच्या नाहीत आणि दुसऱ्याला बोलू द्यायच्या नाहीत.

दुधाचा टेम्पो पहाटेच गेला होता, आता संध्याकाळशिवाय परत नाही. एसटी सकाळचीच एक. बैलगाडी होती, बैल छावणीत. मालक सायकल काढून तेरच्या डॉक्टरांना आणायला गेले. जाऊ आधी ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली, आणि ते कण्हणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. रांजण तळाला गेला होता. आत्याबाई म्हणाल्या, "झिऱ्यावरनं घागर भरून आण. बाळतिणीला पाणी लागंल. पोरीजवळ म्या बसते."

मी आतली नळी साफ केली, फडकं भिजवून ठेवलं, पोरीला कणगीच्या सावलीला वाकळेवर बसवलं आणि तिच्या गळ्याची गाठ ओढून पाहिली. घट्ट होती. मग घागर उचलली.

झिऱ्यावर रांग होती. पाणी जमेपर्यंत थांबायचं, वाटीने उपसायचं, परत थांबायचं. माझ्यामागे एक म्हातारी बसली होती. तिला बातमी कळलेली होतीच, आमच्या गावात बातमीला पाय लागत नाहीत.

"सुटली का गं बाई?" तिने विचारलं.

"न्हाय अजून. अडलीय म्हणतात."

"मग सोडलं का समदं?"

मी धाराशिवात वाढलेली, वडील कचेरीत कारकून. मला कळलं नाही. म्हातारीने मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. बाई अडली की घरात एक गाठ म्हणून ठेवायची नसते. कुठंतरी गाठ आहे म्हणून आत वाट बंद आहे. पेट्यांची झाकणं उघडायची, कड्या काढायच्या, बायांनी केस मोकळे सोडायचे, पोत्यांची तोंडं सोडायची, दावणीची दावी सोडायची. "एकूणएक," म्हातारी म्हणाली. "एक जरी ऱ्हायली तरी उपेग न्हाय बघ."

मी हो म्हटलं. माझी घागर भरत आली होती आणि जावेच्या कण्हण्याशिवाय माझ्या कानात दुसरं काही नव्हतं. बिचारीला त्यानं धीर येत असेल तर सोडा बापडे, एवढंच मनात आलं.

घागर डोक्यावर घेऊन मी चढ चढले. गल्लीच्या तोंडाशी आमची गाय उभी होती. गळ्यात दावं नव्हतं. उन्हात तशीच उभी राहून ती माझ्याकडे बघत होती, जणू आता कुठं जायचं ते मी सांगणार होते.

एकूणएक.

भरलेली घागर मी रस्त्यात टाकली. त्या वर्षी आमच्याकडे भरलेली घागर कोणी टाकत नव्हतं, बायका दारातून ओरडल्यासुद्धा. मी पळत सुटले. दार सताड उघडं, कडीला बांधलेली चिंधीही सोडलेली. ओसरीवर पोत्यांची तोंडं मोकळी, ज्वारी बाहेर सांडलेली. वळणीची दोरी खाली पडलेली, कपडे मातीत. ट्रंकेचं झाकण वर, डब्यांची झाकणं जमिनीवर. खुंटीवरचं माझं गाठोडं सोडून पसरलेलं. घरात चोर शिरावेत तसं सगळं उघडं पडलं होतं, फक्त काहीच गेलेलं नव्हतं.

कणगीजवळ माझी पोरगी पडली होती.

नाडी खांद्यावर लोंबत होती आणि नळी तिच्या शेजारी मातीत होती. खोकला आला असणार, आणि धरून ठेवायला काही नव्हतं. गळ्यातलं भोक श्वासागणिक आत ओढलं जाऊन मिटत होतं. ओठ निळे. डोळे उघडे, पण माझ्यावर ठरत नव्हते. ती हाक मारू शकत नव्हती, आणि तिने मारली असती तरी आतल्या त्या आवाजात कोणाला ऐकू गेली असती?

मी नळी उचलली, पदराला पुसली, आतली उपसून टाकली. सळई कोनाड्यात फडक्यात बांधून ठेवलेली असायची. त्या फडक्याचीही गाठ सोडलेली होती. सळई उघडीच पडली होती म्हणून लगेच हाताला लागली. हे खरं आहे, आणि ते मला आजही सहन होत नाही.

पहिल्यांदा नळी आत जाईना. कातडीच्या घडीला अडकली, रक्त आलं. पोरगी तडफडत होती, आणि मला सिस्टरचं बोलणं आठवलं. मी शिवी हासडली, कोणाला ते माहीत नाही. वाकळ गुंडाळून तिच्या खांद्याखाली सारली, कपाळ मागे दाबलं, मान वर आली. दोन बोटांनी भोक ताणलं. ते चिमुकलं झालं होतं. नळी आधी सरळ, मग खाली वळवत सारली. आत काहीतरी अडखळलं आणि सुटलं. मी सळई उपसली.

काहीच झालं नाही. छाती हलेना. मी नळीला तोंड लावून फुंकलं. छाती उचलली गेली. परत फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकणार तोच तिने माझ्या तोंडावर खोकून रक्त आणि चिकटा उडवला, आणि मग ती फुसफुस सुरू झाली. मी नाडीची टोकं घेऊन गाठ मारायला गेले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाडीची टोकं ओली आहेत.

निरगाठ आपोआप सुटत नाही. घाईत नखानेही सुटत नाही. ती दातांनी उकलावी लागते. म्हणजे कोणीतरी खाली वाकून, पोरीच्या मानेशी तोंड नेऊन, ती गाठ दातांनी सोडली होती. पोरीला वाटलं असेल, आजी पापी घ्यायला वाकली.

मी मान वर केली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात आत्याबाई उभ्या होत्या. केस मोकळे, कमरेपर्यंत. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या हातातल्या नाडीकडे बघत होत्या. पुढे आल्या नाहीत. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून गाठ मारली. मग आत सुईणीने हाक दिली आणि त्या वळून आत गेल्या.

जाऊ सुटली. डॉक्टर पोचायच्या आतच सुटली. मुलगी झाली. निदान मुलगा झाला असता तर नातवासाठी केलं असं म्हणून मला मनसोक्त दात-ओठ खाता आले असते, तेही नाही. बघायला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, पोरीच्या गळ्यातली शेवटली गाठ सुटली अन् वाट मोकळी झाली. माझ्यासमोर म्हणत होत्या. एकीला मी चहाचा कप हातात असतानाच घराबाहेर काढलं.

मालक डॉक्टरांना सायकलवर बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, नळी बरोबर बसली आहे म्हणाले, मातीतली नळी घातली म्हणून इंजेक्शन दिलं. तरी ताप आलाच. त्या संध्याकाळी परत आलेला दुधाचा टेम्पो तसाच माघारी फिरवून, तिला रिकाम्या कॅनांच्या मधे बसवून आम्ही घेऊन गेलो, धाराशिवला आणि तिथून सोलापूरला. ताप उतरला. पुढे कधीतरी तिची नळी निघाली, भोक बुजलं, आवाज जरा घोगरा राहिला, आणि त्या घोगऱ्या आवाजात ती आज माझ्याशी मनसोक्त भांडते. पण ते सगळं फार नंतरचं. सोलापूरहून परत आलो तेव्हा नळी गळ्यात होती आणि मला त्याच घरात राहायचं होतं.

मालकांना मी सांगितलं. ते म्हणाले, घाईगर्दीत ध्यानात राहिलं नसेल आईच्या. दीर छावणीतून आला, तोही तेच म्हणाला. सगळ्यांना ते पटलं, कारण ते पटवून घेतलं की पुढे जेवायला बसता येत होतं. मलाही ते पटायला हवं होतं. मी फार प्रयत्न केला. पण नाडीची ओली टोकं माझ्या बोटांना लागली होती.

शेवटी एका सकाळी मी विचारलंच. आत्याबाई न्हाणीजवळ पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर जावेच्या बाळाला घेऊन तेल चोळत होत्या. माझी पोरगी माझ्या कडेवर होती. तिला आजीकडे झेप घ्यायची होती, मी घट्ट धरून ठेवलं होतं.

"आत्याबाई, तुम्हाला ध्यानात नव्हतं का, ती गाठ कशाची हाय ते?"

त्यांचा हात थांबला नाही. बाळाच्या छातीवरून पोटावर, पोटावरून मांड्यांवर तेल ओढत राहिला. खोटं बोलल्या असत्या तर मी ते घेतलं असतं, आयुष्यभर घेतलं असतं. माझी तयारी होती.

"ध्यानात व्हतं," त्या म्हणाल्या.

मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आत दोन जीव व्हते," त्या म्हणाल्या. "ही एक व्हती. माज्या दोघी लेकी गेल्या तवा म्या घरात एक गाठ ठिवली व्हती, पेटीची. माह्याराची पेटी, किल्ली हारवल्याली, कुलूप मोडाय जिवावर आलं. येक डाव ऱ्हायली, फुडल्या डावाला बी ऱ्हायली. आता न्हाय ठिवायची, आसं ठरवलं व्हतं."

बाळ रडायला लागलं. त्यांनी त्याला उलटं केलं, पाठीला तेल लावलं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं आणि त्यांच्या पायांशी बसून रडावंसंही वाटत होतं, आणि या दोन्हींपैकी काहीच न करता मी तिथे उभी होते. पोरगी अजून त्यांच्याकडे हात पसरत होती.

मग त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदा पोरीकडे, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे कोरडे होते.

"सुई-दोरा घे अन् ती नाडी शिवून टाक," त्या म्हणाल्या. "पक्की शिव, दातांनी तुटाय नगं. परत तशी येळ आली, तर म्या परत सोडीन."